फिरती ढाल

उत्तरायण उलटलं की ती माझ्या दुकानात येते,
सायकलच्या कॅरिअरवर, जुन्या धोतरात गुंडाळलेली,
मांडवीच्या कमानीखालून,
दाढ दुखणाऱ्या माणसासारखी तोंड बांधून.
मी विचारतो, ‘कोण?’
पोऱ्या म्हणतो, ‘वाडीवालेच, काका.’
मी पत्रा कापायला घेतो.

सागवानी लाकूड. मधोमध धावणारा एक पितळी गडी,
ज्याचा पुढे केलेला हात एकोणऐंशी साली तुटला,
तेव्हापासून तो खो देतो आहे की निरोप
हे सांगता येत नाही.
भोवती जर्मन सिल्व्हरच्या पट्ट्या, वर्षाला एक.
दोनदा लाकूड वाढवावं लागलं.
आधीची अक्षरं वडिलांची, सत्तरपासूनची माझी.
आमचं नाव त्यात नाही.

आमचं म्हणजे नवापुरा विजय संघ.
नाव ठेवणाऱ्याला दोष देत नाही,
तेव्हा आम्ही एकही सामना खेळलो नव्हतो.

अडुसष्टला साखळीत एकही हार नाही,
आणि बाद फेरीत पहिल्याच संध्याकाळी घरी.
एकाहत्तरला गुण सारखे, सरासरीत मागे.
किशोर पाटणवाडियाने रात्रभर पाटीवर गणित मांडलं,
सकाळी ते बरोबर निघालं,
म्हणजे आम्ही बाहेरच.
बहात्तरला उपान्त्य सामना आणि इनायतच्या बहिणीचं लग्न
एकाच दिवशी होतं.
बिर्याणी खाऊन आठ जण मैदानात उतरलो.
त्याबद्दल नवापुऱ्यात फारसं कोणी बोलत नाही.

मग चौऱ्याहत्तर.
अर्धा डिसेंबर सरला तेव्हा तक्त्यात शेवटून दुसरे होतो.
तिथून सलग सहा जिंकले.
शिर्के खांबाशी असा सूर मारायचा
की पोटाची कातडी आठवडाभर लाल.
दांडिया बाजारातून लोक चालत यायला लागले.
शेंगदाणेवाल्याला आमचं वेळापत्रक पाठ.
अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री
मी दुकानाला आतून कडी घातली
आणि पट्टी कोरली.
नवापुरा विजय संघ, १९७४.
वडील असते तर हातातली छिन्नी काढून घेतली असती.
लोकांच्या तुरी तरी बाजारात असतात,
मी तर वरण उकळून ठेवलं होतं.

सामना बरोबरीत. जादा डावही बरोबरीत.
लघुत्तम आक्रमण:
पहिला गडी कोण कमी वेळात मारतो, एवढंच.
आम्हाला त्रेचाळीस सेकंद लागले.
आता आमच्या गड्याने चव्वेचाळीस काढायचे होते,
आणि तो गडी मी.

एक साखळी नीट गेली. हुलकावणी दिली, तीही गेली.
मग मी एकदा,
एकदाच,
घड्याळवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं.

एकेचाळीस.

पाठीवर पडलेली ती थाप
अजून कधी कधी अंघोळ करताना सापडते.

पत्रा महाग होता. घरात दोन लहान भाऊ.
मी तीच पट्टी उलटी केली, पाठ घासून घेतली,
आणि कोरलं: वाडी व्यायाम मंडळ.
चार खिळे मारले.
पन्नास वर्षं आमचं नाव
लाकडाकडे तोंड करून उभं आहे.
शिर्केला सांगायचं राहिलं.
सांगितलं असतं तर हसला असता, किंवा मारलं असतं,
तो दोन्ही एकाच हाताने करायचा.

त्यानंतर आणखी चार अंतिम सामने.
एकदा तर अंतिम फेरीपर्यंत नुसती पुढे चाल मिळत गेली,
समोरचे संघ आलेच नाहीत,
आणि शेवटी जे आले त्यांनी हरवलं.

यंदा पोऱ्या नाही, एक मुलगी आली,
गुडघ्याला पट्टी, वाडीचा निळा बनियन.
ढाल गल्ल्यावर ठेवत म्हणाली,
‘काका, चौऱ्याहत्तरची पट्टी खडखडतेय.
काढून नवी लावा ना.’
मी म्हटलं, ‘जुनं अक्षर आहे, राहू दे.’
मग सहज विचारावं तसं विचारलं,
‘नवापुरा?’
‘उपान्त्यला हरले. पण बाप रे, धावतात!’
‘कितीने?’
‘एका गुणाने.’

मी हातोडी घेतली
आणि सैल खिळा ठोकला.
पुरता नाही.