देठ

महाराजबाड्यावरचं घड्याळांचं दुकान विकलं,
छोटा शेगडा तेवढा घरी आणला.
आता त्यात माशाचा गळ धरलेला असतो,
आठ नंबरचा.

दादांचे हात थरथरतात.
भिंग त्यांच्या डोळ्याला, दोरा माझ्या बोटांत.
"ताण सोडू नकोस. सोडलास की सगळं उलगडतं."
हे ते दोऱ्याबद्दलच म्हणतात.

मोरपिसाचे किडे बांधून झाले.
हजिऱ्याच्या खाटकाकडून कोंबड्याची मान आणून
नाकतोडे बांधले.
तिघऱ्याचे रोहू बघायचे, वळायचे.
चैत्रात ते काठच्या झाडाखाली थांबतात, तोंड वर करून,
शहतूत पडायची वाट बघत.
(पुस्तकात तुती म्हणतात. आम्ही लष्करवाले शहतूतच.)

तर आता फळ बांधायचं.
जांभळी लोकर, माझ्याच शाळेतल्या स्वेटरची,
गुंडाळून, कातरून, सुईनं पिंजून,
आत शिशाच्या तारेचे तीन वेढे.
"आधी पडल्याचा आवाज बांध," दादा म्हणाले,
"रंग नंतर."
बादलीत टाकलं. टप.
"जड."
एक वेढा काढला. टप्.
डोळे मिटून ऐकत होते,
गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाशी धरायचे तसे.

रविवारी पहाटे स्कूटरवर मागे बसून आले.
मी फेकलं. पडलं.
रोहूनं घेतलं,
आणि दोर ताणायच्या आत थुंकून टाकलं,
शांतपणे, बी थुंकावी तसं.

दादा पुष्कळ दिवसांनी हसले.
मग म्हणाले, "देठ राहिला गं."

शिवणाच्या डब्यात हिरवा दोरा आहे,
पण इतका कोवळा नाही.