स्वेटरातलं पीठ

यंदा नाशकात थंडी अशी,
की कोमट दुधातलं यीस्टही अंग चोरून बसलं.
तासाभरात एक बुडबुडा.
मग मळलेल्या मैद्याचं पातेलं
पप्पांच्या खाकी स्वेटरात गुंडाळलं,
बाह्यांची गाठ मारली
आणि गिझरखाली स्टुलावर ठेवलं,
ताप आलेल्या पोरासारखं.

पप्पा दर दहा मिनिटांनी न्हाणीघरात.
"आंघोळ झाली ना तुमची?"
"झाली की. उठलंय का, बघतोय."
एकतीस वर्षं नोटा मोजल्या या माणसाने
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
बोटं अजून थांबत नाहीत.
आता बेदाणे मोजतात,
एका गोळ्याला पाच,
सहावा तोंडात.

रात्री शांतवन जेवायला येणार, सटाण्याहून.
प्लॉटवरून बोलणं बंद, त्याला तिसरा नाताळ.
फोनवर एवढंच म्हणाला,
"ते गोड पाव करणारेस का, चिकटलेले?"
बघू, म्हटलं,
आणि लगेच पिशवी घेऊन मैद्याला निघाले.

चार वाजता स्वेटर पोटावर ताठ,
पप्पा घालायचे तेव्हासारखा.
ट्रेमध्ये गोळे मांडले बोटबोट अंतराने,
वरून दुधाचा हात.
शरणपूरच्या चर्चची घंटा झाली तेव्हा
ते एकमेकांना टेकले होते
आणि खालून थोडे करपले होते.

शांतवन आला. चपला काढल्या,
पप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
उभ्यानेच एक पाव तोडला,
चष्म्यावर वाफ धरली.
"मीठ विसरलीस," म्हणाला,
आणि दुसरा तोडला.