एकोणीस नंबर

घायपाताचा भारा दौंडहून येतो, एसटीच्या टपावरून,
पावतीवर मात्र 'शैक्षणिक साहित्य'.
खुडेमामा तो खांद्यावरून उतरवतात आणि म्हणतात,
आमच्याकडं याला केकताड म्हणायचे, मॅडम.
त्यापुढे काही सांगत नाहीत.

सहा टक्के कॉस्टिक. चार तास.
पाणी आधी पिवळं, मग चहासारखं, मग
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
मेण सुटतं, डिंक सुटतो, धाग्याचं गुळगुळीत अंग जातं.
खडबडीत झाला की मग तो धरतो
रेझिनला, असा की सोडवता येत नाही.
जास्त वेळ ठेवला तर स्वतःच विरतो.
(हे मी प्रबंधात वेगळ्या भाषेत लिहिलं आहे.)

नंतर व्हिनेगरचं पाणी, सात धुणी, ओव्हन.
पाषाणच्या या तळघरात आठवडाभर लोणच्याचा वास.
मक्याच्या पिठाचं रेझिन, त्यावर धागे, वर पुन्हा रेझिन,
आणि गरम दाब.
निघते ती गुळाच्या पोळीच्या रंगाची पट्टी.
टिचकी मारली तर लाकडासारखी वाजते.

चाकणहून दोघे आले होते.
गाडीच्या दाराचं अस्तर करायचं होतं त्यांना.
एकाने विचारलं, किती वर्षं टिकेल?
दुसऱ्याने, त्याच दमात, किती दिवसांत कुजेल?
मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि चहा मागवला.

मी फुरसुंगीची.
आमच्या विहिरीचं पाणी मी चौथीत असताना काळं झालं.
डेपोच्या डोंगरावरून वारा सुटला की
दारातल्या बाभळीला पिशव्या लागायच्या,
निळ्या, गुलाबी, दुधाच्या.
बाभूळ वठली. पिशव्या अजून आहेत.
मुलाखतीत त्यांनी विचारलं, हाच विषय का?
मी म्हटलं, यात वाव आहे.

इमारतीमागे, जांभळाखाली, टबात माती भरून
चोवीस पट्ट्या पुरल्या.
टब प्लॅस्टिकचा आहे. हसू नका, दुसरा टिकत नाही.
दर सोमवारी उकरायचं, ब्रशने झाडायचं, वजन करायचं.
पहिला महिना वजन वाढतच गेलं.
सर म्हणाले, पाणी पितंय.
आई म्हणाली, जाणारं माणूसही आधी सुजतं.
कोण, ते मी आईला विचारलं नाही.

मग कडा पांढऱ्या झाल्या.
एका पट्टीखाली गोम झोपली होती, तिला उठवलं.
बारा चाळीस. अकरा नव्वद. नऊ दोन.
यंत्रात ताणली की सुपारी फुटल्यासारखा
आवाज करून तुटायची, ती आता
भिजल्या बिस्किटासारखी गेली, काही न बोलता.
पडद्यावर आकडा आला, मी तो लिहिला.
जरा बरं वाटलं,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही.

आज एकोणीस नंबर सापडला नाही.
कोपरा ठरलेला, खोली मोजलेली, नकाशावर फुली.
घरून आणलेल्या पिठाच्या चाळणीने अख्खा टब चाळला.
खडे, जांभळाच्या बिया, एक गांडूळ, रागावलेलं.
सर म्हणाले, संपली की हरवली, ते नक्की करा.
दोन्हींत फार फरक आहे.
हो सर, म्हटलं.
माती दोन्हींत सारखीच दिसते, हे नाही म्हटलं.

खुडेमामा उकिडवे बसले, एक चिमूट उचलली,
दोर वळायच्या आधी धागा फिरवतात
तशी अंगठ्यावर फिरवली
आणि परत टाकली.

शेवटच्या चाळणीला लागलं ते लेबल.
हिरवं, वर १९, नायलॉनच्या दोऱ्याला
मी मारलेली गाठ, तश्शी.
धुतलं, पुसलं, तराजूवर ठेवलं.
शून्य पूर्णांक आठ ग्रॅम.
बदल नाही.