तीनशे बारा चौकोन

आर्वोनं पट्टी घेऊन आखले,
फ्रिजवर लावले.
एक चौकोन म्हणजे शंभर डॉलर.
ट्रक, माझ्या दाढेचं बिल, दोन कार्डं,
आणि हे ओट्याचं काळं ग्रॅनाइट,
जे बहिणीकडे आहे म्हणून आपल्याकडे हवं होतं.
ऋण काढून सण केला.
सण कधी संपला आठवत नाही,
ऋण मात्र घरातच राहिलं,
आमच्याच ताटात जेवत.

रंग सेल्मा भरते.
रंग कुठला, ते तिनं ठरवायचं, असा करार.
जानेवारीचे सगळे चौकोन जांभळे,
कारण पेटीत तोच एक खडू लांब उरला होता.
फेब्रुवारीत भट्टी बंद पडली.
फेब्रुवारी कोरा.

पहाटे पाचला मी शाळेची बस तापवते.
उणे एकतीस. काचेवरचा बर्फ खरवडते,
खरवडणी म्हणजे जुनंच क्रेडिट कार्ड,
अखेर कामाला आलं.
थर्मासमध्ये घरची कॉफी, जरा कडूच.
पहिल्या थांब्याच्या आधी चार मिनिटं माझी असतात.
सरोवरात आडवा पडलेला तो डोंगर,
ज्याला इथं सगळे झोपलेला राक्षस म्हणतात,
त्याच्या छातीवरून उजेड सरकत येतो.
मी बघत बसते.
त्याला कुणी हप्त्याची आठवण करत नाही,
म्हणून तर इतकी गाढ झोप.

सगळंच काही असं गोड नाही.
मार्चमध्ये एकदा, पगाराच्या आदल्या दिवशी,
मी बेकरीसमोर ट्रक थांबवला
आणि एक पर्शियन घेतला,
तो आमच्या गावचा तळलेला गोल पाव, वर गुलाबी साय.
गाडीतच खाल्ला. बोटं चाटली.
कागदी पिशवी पेट्रोलपंपावरच्या डब्यात टाकली,
चोरानं टाकावी तशी.
रात्री वही उघडली, तर हात अडखळला.
आर्वोला सांगितलं.
तो काही बोलला नाही.
पेन घेतलं, त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
पर्शियन, एक.
मग खाली, जरा थांबून:
लॉटरी, दोन डॉलर, नोव्हेंबर.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो वहीकडे बघत राहिला, कान लाल.
इतकं हसलो, की सेल्मा उठून आली.
आता दर महिन्याला वहीत एक ओळ असते:
पर्शियन, एक, तीन तुकडे.
मोठा तुकडा कुणाचा, यावर भांडण फुकट.

मेच्या सुरुवातीला नदीच्या तोंडाशी स्मेल्ट येतात,
बोटभर लांब, काकडीसारखा वास असलेले.
रात्री अकराला अख्खं गाव कमरेपर्यंत पाण्यात.
शेजारचे लाहती आजोबा, ऐंशीचे,
जाळं आमचं, बूट त्यांचे, सल्लाही त्यांचाच:
घाई करू नका, मासा येतोय तुमच्याकडे.
बादली भरली. बोटं बधिर.
सेल्माला एक मासा बाहीत सापडला,
ती किंचाळली, मग त्याला नाव ठेवलं,
मग विचारलं, नाव ठेवलेला खायचा का?
तो एक परत सोडला.
बाकीचे पीठमीठ लावून तळले,
मध्यरात्री, त्याच काळ्या ग्रॅनाइटवर ताट ठेवून.
पहिल्यांदाच वाटलं,
बरा आहे हा ओटा.

काल एकशे सत्तेचाळीसावा चौकोन. हिरवा.
उरले ते मी मोजत नाही, आर्वो मोजतो,
झोपेतही मोजत असावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आमचं अंथरूण आखूड आहे, त्यात भट्टी रात्री मंद ठेवलेली.
त्याची पावलं बर्फासारखी.
मी ओरडते,
आणि माझी त्यावर ठेवते.