अंगठे

विड्या वळून वळून अंगठ्याच्या रेषा जातात.
माझाही हात तसलाच, पण बघतं कोण.
अर्जाखाली पहिला अंगठा दिलशादबीनं दिला,
उठला नुसता डाग, गुळगुळीत, चिंचोक्यासारखा.
दुसरा यल्लूबाईचा. तोही तसाच.
हिरेमठ मास्तर म्हणाले, साहेब विचारतील,
एकाच बाईनं हजारदा दाबलाय का काय.
म्हणून प्रत्येक डागाखाली त्यांनी नाव लिहिलं, गल्ली लिहिली.

निकाल कानडीत. एक्याऐंशी पानं.
मास्तरांनी ओट्यावर बसून दोन संध्याकाळी वाचला.
मला न सांगता कळलेला शब्द एकच,
अपराधी.
तेवढा दोन्हीकडं सारखा.

तंबाखूची वखार पेटली त्या रात्री
लगमाण्णा हुक्केरीच्या स्टँडवर बाकड्यावर झोपला होता.
शेवटची गाडी चुकली होती.
पहाटेच्या पहिल्या गाडीचं तिकीट होतं खिशात, मशीनचं.
कोर्टात पोचेपर्यंत अक्षरं उडाली,
वकील म्हणाला, हा तर कोरा कागद.
मी तो पिठाच्या डब्यात ठेवलाय, उन्हापासून लांब.
आता कसलं ऊन लागायचंय त्याला.

तहसीलसमोर बसायचं ठरलं
तर बोर्डावरनं भांडण.
एकजण म्हणाला मराठीत, एकजण कानडीत.
शेवटी दोन्ही अंगांनी रंगवला, दोरीला टांगला,
वारा फिरला की भाषा फिरायची.
मधे वखारीतल्या मेलेल्या राखणदाराची बायको येऊन
लांब उभी राहिली थोडा वेळ.
पाणी विचारावं वाटलं. उठले नाही.

औंदा सुटकेची यादी आली, चांगल्या वागणुकीची.
नऊ वर्षांनी त्याचं नाव त्यात.
फक्त एक ओळ लिहून द्यायची,
झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो.
तवंदीचा घाट ओलांडून हिंदलग्याला गेले,
जाळीला कपाळ टेकवून म्हणाले, लिही रे.
मुकादम रोज हजारात पन्नास विड्या खराब म्हणून काढतो,
आम्ही कबूल करतोच की.
आई अंथरुणावर आहे, लिही.

'केलंच नाही ते कसं लिहू, आक्का.'
रागानं माझ्या तोंडाला कोरड पडली.
मग त्यानंच विचारलं,
किती झाले अंगठे?
चार हजार, म्हणाले.
अकराशे सहा होते.

त्याला खरंच वाटलं असणार.
खोटं ओळखायला त्याला कधी जमलंच नाही.
परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मोजत होते
कुठल्या कुठल्या गल्ल्या राहिल्यात,
आणि शाईची बाटली
आठवड्याभरात संपते ती.