जाणारी बाजू

लेंगऱ्यात गल्लीच्या टोकाला आमचा शेवटचा खांब.
तिथून साठ मीटर वायर ओढली
आणि दारात नेहमीचं विचारलं,
मोबाईल किती, टीव्ही कुठला, पोरं गेम खेळतात का.
बाई नुसत्या माझ्या ओठांकडं बघत राहिल्या.
मग लाईट बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं:
आम्ही दोघं हातानं बोलतो. ते सेलमला असतात.
तुकडे नकोत.

सेलम म्हणजे गलाईचं दुकान.
खानापूर तालुक्यात कुठल्याही दारात विचारा,
कुणीतरी लांब मुलखात भट्टीपाशी बसलेलं असतं
दुसऱ्याचं सोनं गाळत.

बारा वर्षं झाली मला ह्या लायनीत.
लोक विचारतात, येतं किती?
पन्नास येतं का, शंभर येतं का,
मॅच अडकणार नाही ना?
जातं किती, हे कुणी विचारलं नव्हतं.
विजयमाला सूर्यवंशींनी विचारलं,
छातीपासून स्क्रीनकडं बोटानं एक रेघ ओढून.

मी लिहिलं, दोन पुरेल.
पण वेगापेक्षा सारखेपणा लागतो.
म्हणजे विट्याची एसटी बघा,
दिवसाला दहा गाड्या, कागदावर बरोबर.
सकाळभर एक नाही आणि दुपारी चार एकदम आल्या
तर हिशेब जुळतो, माणूस पोचत नाही.
वाचून त्या हसल्या.
मोठ्यानं हसल्या. मी दचकलो.

कॉल लावला.
हिंदुराव आले, मागं भट्टीचा जाळ.
डावी करंगळी वाकडी, कधीतरी भाजलेली,
त्यामुळं त्यांचे काही शब्द तिरके पडतात
(हे नंतर लिहून कळलं,
बघायला आले तेव्हा ते तिरकेपणच आवडलं, हेही).
तीन-चार शब्द धड आले.
मग हात गोठला.

आपलं चित्र थांबलं तरी भागतं,
हां, ऐकू येतंय, बोल बोल.
इथं हात थांबला की वाक्यच गेलं.
उजवा तळवा हवेत, चौकोन चौकोन झालेला.
"घरी" असेल, "नको" असेल, "पैसे" असेल.
बाईंनी पापणी लववली नाही.
लववली आणि तेवढ्यात तो सुटला तर?

राउटर लोखंडी कपाटामागं होता, तो पुढं घेतला.
खिडकीच्या चौकटीत वायर काटकोनात मुडपलेली,
आमच्याच सुहासनं, घाईत.
आत काच असते, तिला कोपरा सोसत नाही,
वळवायची तर वाटीएवढ्या गोलाईनं.
सोडवली तशी मीटरवर
उणे एकोणतीसचं उणे एकवीस झालं.

तरी चित्र काळंच.
खिडकी पाठीमागं होती.
त्यांनी आपली आपण खुर्ची फिरवली,
बल्ब समोर घेतला, बांगड्या कोपराकडं सारल्या,
गडद निळ्या पदरासमोर हात उघडे धरले.
हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

मग अर्धा तास ते दोघं भांडले.
कशावरून, ठाऊक नाही. एक शब्द तुटला नाही.
मी चहाची बशी धरून भिंतीकडं तोंड करून बसलो,
दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये म्हणून.

संध्याकाळी कंपनीचा फोन गेला
त्यांच्या नंबरवर, जोडणी पडताळायला.
तीनदा वाजला.
शेरा पडला: ग्राहक प्रतिसाद देत नाही.
माझे दीडशे रुपये अडकले.
मी वर लिहून पाठवलं,
ग्राहक बोलतो, तुम्ही व्हिडिओ लावा.
अजून उत्तर नाही.

परवा भाळवणीत खांबावर होतो. वारा असा
की सुहास खाली, आणि ओरडून काही पोचेना.
मी त्याच्यापासून माझ्याकडं
बोटानं एक रेघ ओढली.
त्यानं बराच वेळ वर बघितलं, मान हलवली,
दोरीला बांधून पक्कड पाठवली.
मागितली वायर होती.