नाव काढताना

ब्रनो शहरात, स्वितावा नदीकाठच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर
राडोवाना सकाळपासून एका ओळीपाशी अडली आहे.
ओळ साधीच. एका रचनेची सुरुवात, मग महिरपी कंस,
आणि नावाच्या आधी चिकटलेली दोन अक्षरं : केव्ही.

डिस्कवरचा सलग पट्टा कुठून सुरू, किती लांब,
आणि कितीजण त्याला धरून बसलेत,
एवढंच ती रचना जाणते.
लिहिली होती एका फाइलप्रणालीसाठी,
आता तिघी तिच्यावर जगतात.
तिसरीनं तर न विचारताच उचलली
आणि 'राखीव' लिहिलेल्या रकान्यात
आपली भांडीकुंडी लावून टाकली.

सामाईक विहिरीचं होतं तेच :
पोहरा प्रत्येकाचा वेगळा,
गाळ मात्र कुणाचाच नाही.

म्हणून ठरलं, रचना सर्वांच्या फाइलीत हलवायची,
तिला सर्वांचं नाव द्यायचं.
ओतमार म्हणाला, पट्टा.
ओलोमौत्सहून फोनवर कुणी म्हणालं, तुकडा.
पट्टा म्हणजे आमच्याकडे भलतंच काहीतरी, तिसरा म्हणाला.
अकरा दिवस गेले.
नाव ठेवायला बसलेली माणसं
एकमेकांना नावं ठेवत राहिली.

नव्यानं आलेल्या झ्देनाला वाटलं होतं
केव्ही म्हणजे किल्ली आणि किंमत.
"पण यात किल्ली कुठाय?" तिनं विचारलं.
कुणी हसलं नाही.

केव्ही म्हणजे क्विडो.
दुसऱ्या कुणाच्या नावाशी टक्कर नको
म्हणून त्यानं आपल्याच नावाची टोकं वापरली,
घाईत, आणि म्हणाला, नंतर बदलू.
खिडकीत त्याची व्हिनेगरमधल्या सॉसेजची बरणी असायची.
जिन्याखाली त्याची सायकल अजून आहे,
साखळीनं नळाला बांधलेली.
कुलूप तोडावं असं दर वसंतात ठरतं.
किल्ली कुणाकडे असेल, सांगता येत नाही.

फाइलला स्वतःचं नाव ठाऊक नसतं,
हे त्यानंच राडोवानाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं.
नाव राहतं डिरेक्टरीत, दुसऱ्याच्या वहीत.
फाइल फक्त मोजते, मला किती नावं आहेत.
सगळी पुसली, आकडा शून्यावर आला,
तरी कुणी तिला उघडून बसलं असेल
तर ती जात नाही. तशीच राहते,
बिननावाची, आकारमानासकट,
तो माणूस हात सोडेपर्यंत.
"आणि त्यानं सोडलाच नाही तर?"
"तर यंत्र बंद करावं लागतं," क्विडो म्हणाला होता, आणि बरणी पुढे केली होती.

दोनशे चौदा ठिकाणी
ती त्याचं नाव काढते.
एक जागा सुटते, बांधणी मोडते,
पडद्यावर लाल अक्षरांत : केव्ही कोण? ओळखत नाही.
ती बराच वेळ त्या ओळीकडे बघते.
मग तीही दुरुस्त करते.

बदलाच्या नोंदीत काय लिहावं?
कारण : आता सामाईक.
त्याखाली आणखी एक ओळ लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते, यावेळी थोडी लहान.

बाहेर ट्रामच्या तारांवर दहिवर.
जिन्याखाली उतरल्यावर ती थांबते,
कोपऱ्यातला पंप घेते,
मागच्या चाकात हवा भरते. पुढचं पंक्चर आहे.
साखळी तशीच ठेवते.